इंग्रजीत उतरलेला माल

रत्नागिरी, ता. ९ जुलै १९३०

धोंडू शिवलकर यास,

मायना काय लिहावा या विचारात टाक दोनदा वाळला. चिरंजीव म्हणावे तर तू तिशीचा झालास. राजमान्य राजश्री म्हणावे तर तुला बाकावर उभे असलेले मी पाहिले आहे. पाहिले कसले, मीच उभे केले होते. तेव्हा नुसते नाव लिहून पुढे जातो.

वाचनमंदिराच्या ग्रंथपालाच्या जागेसाठी तू कोबेहून पाठवलेला अर्ज पोचला. पावसाळ्यात आगबोटी बंद, टपाल घाटावरून मोटारीने येते. सबंध समुद्रात पाकिटाला लागली नसेल इतकी ओल आंबा घाटात लागली होती. अर्ज 'कार्यवाह' म्हणून कोण्या गृहस्थाच्या नावे होता. तो गृहस्थ मी. हे ठाऊक असते तर तू अर्ज केला असतास का, हे मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.

जागेची हकीकत अशी. आमचे काशीरामपंत मोतीबिंदूमुळे हल्ली पुस्तक वासावरून ओळखतात. मागे एकाने कीर्तनाचे पुस्तक मागितले तर त्यांनी त्याच्या हाती पाकशास्त्र ठेवले, आणि तो गृहस्थ आठ दिवस झाले तरी ते परत आणत नाही. मार्चअखेर पंत जागा सोडतील. अर्ज अकरा आले. त्यातल्या दहा जणांपाशी मॅट्रिकचा दाखला आहे. लांज्याच्या एकाने तर 'मला वाचनाचे व्यसन नाही, सबब कामात खंड पडणार नाही' असे लिहून दिले आहे आणि समितीतल्या दोघांना तो फार पसंत आहे. अकरावा तू. तुझ्यापाशी दाखला नाही, अर्जासोबत धाडलेली वही आहे.

तुझी अडचण अर्जातून कळली. कोबेत माल उचलायच्या विंचच्या दोरात डाव्या हाताची दोन बोटे गेली, सुकाण धरता येत नाही, म्हणून तुला दिवे पुसायच्या कामावर ठेवले आहे. मार्चमध्ये मुंबईला करार संपला की पुढे कोणी जहाजावर घेणार नाही. घरी मिऱ्याला वडिलांचे माड आहेत, पण आठ बोटांनी माडावर चढता येत नाही. म्हणजे ही जागा मिळाली तर तू तरलास. नाही तर तू आणि तुझी आई, दोघे ओटीवर बसून समुद्राकडे बघणार. समिती सात जणांची आहे आणि नियम मॅट्रिकचा आहे. मी काही कबूल करत नाही.

आता वहीबद्दल. वही मी एका बैठकीत वाचली. ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, माझा लौकिक जाईल. या गावात मी कोणाचे काही चांगले म्हटल्याची नोंद नाही. 'इंग्रजीत उतरलेला माल' हे नाव, माल म्हणजे इंग्रजीत गेलेले परके शब्द; पुढचा फाळका हिंदुस्थानचा, मागचा फाळका जपानचा. (आमच्या सौभाग्यवतींना मी सांगितले की फाळका म्हणजे जहाजाच्या पोटातली माल भरायची खोली. त्या म्हणाल्या, हे मिऱ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तुम्हांला आज कळले वाटते.) प्रत्येक शब्दापुढे रकाने: कुठल्या बंदरात चढला, कोणी चढवला, कुठे उतरला, आणि वाटेत काय फुटले.

या शेवटच्या रकान्यावर मी फिदा आहे. शाम्पू: 'मूळ हुकूम, चाँपो, म्हणजे चेप. वाटेत हात गळाले, साबण उरला.' पायजमा: 'दिवसाचा होता, तिथे रात्रीचा झाला.' डंगरी: 'मुंबईच्या डोंगरीचे जाडे कापड. सहा वर्षे अंगात घालत होतो, मग कळले की डोंगरी घालतो आहे.' लूट: 'काही फुटले नाही. जसा चढला तसा उतरला.' आणि जपानच्या फाळक्यात रिक्षा: 'जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे जोर, शा म्हणजे गाडी. इंग्रजांनी जोर नेला, गाडी नेली. माणूस धक्क्यावर राहिला.'

हे वाचून मी वही मिटली. शिमल्याला मी रिक्षात बसलो आहे. ओढणाऱ्याचे तोंड मला आठवत नाही.

एक शब्द मात्र तुझ्या वहीत दिसला नाही. इतके सगळे नोंदवणाऱ्याच्या नजरेतून तो सुटेल असे वाटत नाही. असो.

आत्माराम फणसळकर


रत्नागिरी, ता. २४ ऑगस्ट १९३०

धोंडू,

तुझे उत्तर यायला अवकाश आहे, पण समितीची बैठक झाली ती कळवतो.

अध्यक्ष भिकाजीपंत, निवृत्त मामलेदार. माणूस सरळ, पण कागद दाखवल्याशिवाय त्यांना पाऊसही खरा वाटत नाही. दुसरे सदूभाऊ. यांनी सध्या परके शब्द हाकलण्याचे व्रत घेतले आहे. गेल्या वर्षी त्यांनी वाचनमंदिरातून 'टेबल' हा शब्द काढला आणि 'मेज' घातला. मग कोणीतरी म्हणाले, मेज फारसी आहे. त्यावर तीन आठवडे खल चालला आणि तोवर वर्तमानपत्रे जमिनीवर ठेवली होती, कारण ज्या वस्तूला नाव नाही तिच्यावर ती ठेवायची कशी.

तुझी वही मी पुढे ठेवली तेव्हा सदूभाऊंना आधी आनंदाचे भरते आले. आपल्या शब्दांनी इंग्रजीवर स्वारी केली, असे ते म्हणाले. वहीचे नाव 'इंग्रजांनी उचललेला माल' असे करावे, अशी त्यांनी सूचनाही मांडली. मग जपानचा फाळका उघडला आणि त्यांचे तोंड उतरले. आपल्या पराक्रमाच्या यादीत हे दुसरे कशाला, असा त्यांचा सवाल. मी म्हटले, पराक्रमाची यादी नाही हो ही, मालाची आहे.

भिकाजीपंतांना अक्षर लागेना. तू बोटीच्या हलण्यावर लिहिलेस, त्यांनी आयुष्यभर खुर्चीवर बसून वाचले. त्यांनी स्वच्छ प्रत मागितली आणि ते काम मी आनंदाने पत्करले. आठ दिवस खपून, नव्या टाकाने, शब्द अकारविल्हे लावून, पुढे अर्थ देऊन प्रत तयार केली आहे. तुझे बंदरांचे रकाने आणि अवांतर वाक्ये गाळली, कारण समितीला त्यांचा उपयोग नाही. मूळ वहीत कोणता शब्द कुठे आहे ते सापडायला जीव जात होता; लुटीच्या शेजारी जगन्नाथाचा रथ, म्हणजे इंग्रजांचा 'जगरनॉट', काय, आणि छिटाच्या कापडाशेजारी शाम्पू काय. आता कोणतेही मूल बोट ठेवील आणि शब्द काढील. चोवीस वर्षे शिकवल्याचा हा फायदा.

मधल्या रविवारी मिऱ्याला चालत गेलो. तुझ्या आईला, गोदूबाईंना, तुझी खुशाली सांगितली. बोटांचे तू त्यांना कळवलेले नाहीस हे मला आधी माहीत नव्हते. आता त्यांना माहीत आहे. यात माझी चूक किती आणि तुझी किती, ते तूच ठरव.

आत्माराम फणसळकर


रत्नागिरी, ता. ५ ऑक्टोबर १९३०

धोंडू,

वाईट बातमी आधी. समितीने माझी प्रत वाचली आणि बाजूला सारली. भिकाजीपंत म्हणाले, यात नवे ते काय, हे कोणत्याही कोशात मिळते. खलाशाने कोश उतरवून काढला, चिकाटी चांगली, पण चिकाटीला मॅट्रिक म्हणत नाहीत. लांज्याच्या न वाचणाऱ्या गृहस्थांचे पारडे जड झाले आहे.

मी भांडलो. पण भांडताना प्रत माझ्या हातात होती, तिच्याकडे पाहिले, आणि मलाही ती तशीच दिसली. कोशासारखी. हे मला समजेना. शब्द तेच, अर्थ तेच, अक्षर तर तुझ्यापेक्षा शतपटीने बरे. मग जुलैत वाचताना जे मला झाले ते कुठे गेले?

घरी आल्यावर हा प्रश्न मी सौभाग्यवतींना घातला. दमयंतीबाई साप्ताहिकातले माझे विनोदी लेख वाचत नाहीत. त्यांच्या मते ते त्यांना घरात फुकट ऐकायला मिळतात. पण या कामी त्यांनी दोन्ही वह्या स्वयंपाकघरात नेल्या. संध्याकाळी निकाल दिला: "त्याची वही वाचताना आमटी खाली लागली. तुमची वाचताना लागली नाही."

यापुढे अपील नाही. पण कारण त्यांनाही सांगता आले नाही, मलाही येत नाही. तुझ्याकडे असेल तर कळव. शेवटची बैठक मार्चच्या आरंभी आहे. भिकाजीपंतांकडून मी इतकेच पदरात पाडून घेतले आहे की तोवर निर्णय लिहून ठेवायचा नाही.

आत्माराम फणसळकर


रत्नागिरी, ता. ३० नोव्हेंबर १९३०

धोंडू,

तुझे पत्र परवा आले. चार ओळी. हे उत्तर तू लिहिल्याप्रमाणे सिंगापूरच्या पत्त्यावर घालतो आहे, कारण तुझी बोट आता परतीच्या वाटेला लागली असेल.

तू लिहितोस: "मास्तर, माल अकारविल्हे भरला तर जहाज उलटतं. जड तळाशी, हलकं वर. जे आधी उतरायचं ते तोंडाशी. तुम्ही पुन्हा भरलंत, त्याला इलाज नाही, पण बंदर सोडू नका."

मी मूळ वही पुन्हा उघडली, या वेळी खालून वर. तळाशी लूट, ठग, जगन्नाथ, खाकी. लोखंडासारखे, जिवावर बेतणारे शब्द. त्यावर खाट, बंगला, डिंगी नावाची होडी, माणसाला लागणारे घरगुती सामान. सगळ्यांत वर, हवा लागायला, छीट, शाम्पू, पायजमा. मागच्या फाळक्यात तळाशी हाराकिरी आणि ती किनारे गिळणारी लाट, त्सुनामी. मध्ये टायकून, जो चढताना राजाधिराज होता आणि अमेरिकेत उतरताना साबणाचा व्यापारी झाला. वर किमोनो आणि सॉयची बाटली. जपानचा माल थोडा, पण तो तू टोकाला ठेवलास. थोडके वजन टोकाला असले की पुष्कळ वजन तोलले जाते, हे मी सहावीला पदार्थविज्ञान शिकवताना फळ्यावर काढत असे. तू ते भरून दाखवलेस. नुसते आपल्याकडचे भरणारा, सदूभाऊंसारखा, तोंडावर आपटतो.

आणि मी काय केले? सबंध जहाज धक्क्यावर रिकामे करून बाराखडीप्रमाणे रांगेत लावले, आणि वर विचारतो की तरंगत का नाही.

तू हे कसे जमवलेस, तेही पत्राच्या पाठीवर लिहिले आहेस. कोबेच्या इस्पितळात दोन महिने हाताला पट्टी, शेजारच्या खाटेवर जपानी मास्तर, पाय मोडलेला. तू विचारायचास, तो सांगायचा. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली तर म्हणायचा, मला माहीत नाही, उद्या सांगतो. आणि भेटायला येणाऱ्या मुलीकडून पुस्तक मागवून दुसऱ्या दिवशी सांगायचा. हे वाक्य मी तीनदा वाचले. 'मला माहीत नाही' हे शब्द वर्गात उच्चारलेला मास्तर मी पाहिलेला नाही, आरशातही नाही.

आता ते लिहितो, जे जुलैपासून टाळतो आहे.

१९१६. इंग्रजी सहावी. धड्यात एक आजारी स्कॉच म्हातारा गरम टॉडी पितो. तू उठून म्हणालास, "सर, हा शब्द आमच्याकडचा. ताडी." तू भंडाऱ्याचा मुलगा, वडील ताडी-माडी काढायला माडावर चढणारे, सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिले, आता सर काय म्हणतात म्हणून. आणि मला विनोद सुचला. मी म्हटले की शिवलकरांना विलायतेतही आपलाच गुत्ता दिसतो. वर्ग पाच मिनिटे हसत होता. तू बसला नाहीस, "पण सर, खरं आहे" म्हणालास, म्हणून तुला बाकावर उभे केले. त्याच आठवड्यात साप्ताहिकातल्या माझ्या 'चिमटे' सदरात 'माडावरचा भाषापंडित' हा लेख आला. नाव नव्हते. नावाची गरज नव्हती. पुढच्या सोमवारी तू शाळेत आला नाहीस.

इतके तुला ठाऊक आहे. हे ठाऊक नाही: त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी मोठा कोश उघडला होता. तू बरोबर होतास. त्यात स्वच्छ लिहिले होते, हिंदी ताडीवरून. लेख छापखान्यात जायला दोन दिवस होते. मी तो थांबवू शकत होतो.

लेख चांगला जमला होता, धोंडू. एवढेच कारण. दुसरे शोधून पाहिले, सापडत नाही.

तुझ्या वहीत तो शब्द का नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

आत्माराम


रत्नागिरी, ता. १५ फेब्रुवारी १९३१

धोंडू,

सिंगापूरहून तुझा कागद आला. पत्र म्हणवत नाही, कारण त्यावर मायना नाही आणि सही नाही. वहीतल्यासारखी एकच नोंद आहे. तिचे काय केले ते सांगतो.

गेल्या रविवारी दुपारी वाचनमंदिराचा वार्षिक समारंभ होता. दर वर्षी या दिवशी मी विनोदी लेख वाचतो आणि लोक तयारीने येतात, कारण कोणाची तरी साल निघणार असते आणि ती आपली नाही हे प्रत्यक्ष पाहायचे असते. या वेळी मी तुझी मूळ वही घेऊन उभा राहिलो. तळापासून वर वाचत गेलो. बंदरांसकट, 'वाटेत काय फुटले' यासकट.

लुटीपाशी लोक हसले. मागच्या रांगेत दाभोळचे, गलबतांवरचे चार जुने तांडेल बसले होते, ते डोंगरीपाशी आपल्या अंगातल्या कपड्यांकडे बघू लागले. रिक्षापाशी कोणीच हसले नाही. सदूभाऊ डोळे मिटून बसले होते. त्यांना झोप लागली असे मी समजलो, पण किमोनोचा अर्थ 'नेसायची वस्तू' एवढाच आहे आणि विलायतेत तो फक्त मडमांचा झगा झाला, हे वाचले तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, अरेरे. परक्या शब्दासाठी सदूभाऊंनी हळहळावे, ही या जिल्ह्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ असेल.

वही संपली. मग मी १९१६ ची हकीकत सांगितली. वर्ग, बाक, लेख आणि कोश. सगळे. आणि शेवटी तुझा सिंगापूरचा कागद वाचला:

"ताडी. चढली मिऱ्याला. चढवली मी. उतरली रत्नागिरीस. वाटेत काय फुटले: काही नाही. उशीर झाला."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोक उठून उभे राहिले आणि मग कुठे जावे ते न कळून तसेच उभे राहिले.

आता एक गोष्ट, जी लिहू नये असे वाटते. तुझी आई सभेला आली होती. दमयंतीबाईंनी परस्पर निरोप धाडून बोलावले होते. त्या व्हरांड्यात पायरीवर बसू लागल्या, तेव्हा सौभाग्यवतींनी त्यांना हाताला धरून आत आणले आणि पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवले. त्या रांगेतल्या दोन बायका उठून गेल्या. जागा ऐसपैस झाली, असे आमचे कुटुंब म्हणते.

सभा संपल्यावर गोदूबाई माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "मास्तर, माजा पोर येवडा बोलतो? घरात तर दोन शबुद बोलायचा नाय."

मग त्या म्हणाल्या, "शाळा का सोडली ता तेनं कदी सांगितला नाय. मी तेला मारला व्हता तेवा. माडाच्या झावळीच्या पिढ्यानं."

रागाने म्हणाल्या नाहीत. हिशोब जुळला, अशा स्वरात म्हणाल्या. सौभाग्यवतींनी त्यांना चहाला घरी नेले. मी मागून, पुष्कळ अंतर ठेवून चालत गेलो.

बैठक एक मार्चला. आता बहुमत होईल असे वाटते. पण भिकाजीपंतांनी तुझ्या शाळेतून दाखला मागवला आहे. त्या दाखल्यावर काय आहे, ते मला माहीत आहे.

आत्माराम


रत्नागिरी, ता. ८ मार्च १९३१

धोंडू,

हे पत्र मुंबईला कंपनीच्या कचेरीत तुझी वाट पाहत असेल. उभ्याने वाचू नकोस, बस कुठेतरी.

बैठकीत दाखला उघडला. शाळेने नोंदवहीतली ओळ उतरवून दिली होती: 'वर्तणूक उद्धट. परत घेऊ नये.' भिकाजीपंतांनी चष्मा पुसला आणि मूळ नोंदवहीच मागवली. ती आली. मग त्यांनी ती माझ्याकडे फिरवली.

"कार्यवाह, हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मुलगा उद्धट होता?"

"नव्हता. मी होतो."

भिकाजीपंत मामलेदारीत जसे जबाब घेत तसे हळूहळू बोलले. शेरा खरा असेल तर अर्जदार बाद. शेरा खोटा असेल तर खोटा शेरा लिहिणारा माणूस या संस्थेचा कार्यवाह राहू शकत नाही. उद्या त्याने लिहिलेल्या इतिवृत्तावर कोणी विश्वास का ठेवावा? हा शेरा किंवा तुमचे कार्यवाहपद, दोन्हींपैकी एकच टिकेल. कोणते, ते तुम्हीच सांगा.

त्यांच्या न्यायबुद्धीचे मला कौतुक वाटले. इतके नेमके मला लेखातही साधत नाही. मी तिथल्या तिथे कागद घेतला, शेरा खोटा आहे असे लिहिले, सही केली, आणि त्याच कागदाच्या खाली कार्यवाहपणाचा आणि समितीचा राजीनामा दिला. शाळेनेही या कागदाची नक्कल मागितली आहे. तिकडे काय होते ते पाहू. साप्ताहिकाच्या संपादकांना मी आधीच कळवले होते की 'चिमटे' आता बंद. त्यांनी विचारले, विषय संपले का? म्हटले, नाही, विषय सापडला.

मी बाहेर पायरीवर बसलो. आत सहा जण उरले. चार हात वर झाले, हे काशीरामपंतांनी बाहेर येऊन सांगितले. त्यांना हात दिसत नाहीत, पण मोजताना त्यांनी प्रत्येकाला मोठ्याने नाव सांगायला लावले. पहिले नाव सदूभाऊंचे होते. त्यांची अट एकच, की तुला 'लायब्रेरियन' कोणी म्हणायचे नाही. मॅट्रिकचा नियम या नेमणुकीपुरता शिथिल केला आहे आणि शिथिल करण्याचे कारण इतिवृत्तात 'वही' असे एका शब्दात नमूद केले आहे. लांज्याचे गृहस्थ नाराज झालेले नाहीत. त्यांनी ते कळवणारे पत्र अजून वाचलेले नाही, असे ऐकतो.

संध्याकाळी मिऱ्याला गेलो. गोदूबाईंना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले की काम बसून करायचे आहे का. बसून, म्हटले, पुस्तके काढायला मधूनमधून उठावे लागते. त्यावर त्यांनी आत जाऊन दोन शहाळी आणली, एक माझ्या हातात दिले आणि दुसरे दमयंतीबाईंसाठी असे बजावून सांगितले. वाटेत पिऊ नका, असेही म्हणाल्या. मला त्या आता चांगल्या ओळखू लागल्या आहेत.

तू एक एप्रिलला रुजू व्हायचेस. किल्ल्या काशीरामपंतांकडे आहेत. खिडकीकडचे तिसरे कपाट ओढून उघडत नाही, आधी वर उचलावे लागते; तुझा उजवा हात पुरेल.

मी आता साधा वर्गणीदार. एका वेळी एक पुस्तक, आठ दिवसांच्या बोलीवर. तू आत बसशील, मी या बाजूला चिठ्ठी घेऊन रांगेत उभा राहीन. सभासदांनी ग्रंथपालापुढे मोठ्याने बोलू नये, आणि बोलल्यास त्याने त्यांना बाहेर काढावे, हा नियम माझ्याच हाताने भिंतीवर लावलेला आहे. तो माझ्यासाठी वगळू नकोस.

तुझा,
आत्माराम फणसळकर